वास येणारी चादर

तातय्यांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. माझ्या ओढणीचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरलं, एकदा चोळलं आणि मेलेला उंदीर टाकावा तसं सोडून दिलं. "पॉलिस्टर," म्हणाले. मी तेव्हा त्यांच्या दारात प्लास्टिकमुक्त नदीची पत्रकं वाटत उभी होते. "पोरी, गळ्यात पिलास्टिक घालून पिलास्टिकच्या नावानं वरडलालीस की." गल्लीतले चारजण हसले. मला राग आला. राग यायला मला फारसं काही लागत नाही, तेव्हाही लागत नव्हतं. पण हा राग वेगळा होता. म्हातारा खरं बोलला होता.

माणूस ओळखायची त्यांची हीच रीत. चेहरा नंतर, कापड आधी. एकदा मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याच्या सदऱ्याची बाही त्यांनी अशीच चोळली आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "खादी म्हणून घेतलंय, पर निम्मं टेरिकॉट हाय. फसलाव साहेब. का फसवलाव?" पुढारी हसला. पुढाऱ्यांना हसावंच लागतं. तातय्या हसले नव्हते.

तातय्या म्हणजे तेलुगूत आजोबा. भवानी पेठेतल्या त्या गल्लीत सगळे त्यांना तातय्याच म्हणायचे, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले शिंपीसुद्धा. घरात तेलुगू, ओट्यावर मराठी, पानपट्टीवर दखनी. आजूबाजूला यंत्रमागांची खडखड, आणि मधोमध यांचा एकट्याचा हातमाग, तोही जुन्या पद्धतीचा खड्डामाग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसतो, पायानं पावड्या दाबतो, हातानं धोटा फेकतो. साठ वर्षं त्या खड्ड्यात बसलेला माणूस. त्यांच्या चादरीत चूक शोधून दाखवणाऱ्याला जेवण घालीन, असं ते सांगायचे. फुकट जेवलेला कुणी मला तरी भेटला नाही.

मग एका वर्षी मागच्या नाल्याचं पाणी घरात शिरलं. नाला तुंबला होता, आणि कशानं तुंबला होता हे या शहरात कुणाला सांगायला नको. पाणी ओसरलं, खड्डा भरलेला राहिला. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, सगळं पावड्यांना गुंडाळून बसलेलं. दुसरा कुणी असता तर महापालिकेला शिव्या घालून ते पुन्हा नाल्यात ढकललं असतं. आपण सगळे तेच करतो. तातय्यांनी ते बाहेर काढलं, कात्रीनं पट्ट्या केल्या आणि सुताचा ताणा लावून मागावर घेतलं. मी विचारलं, हे काय? "ताणा माझा, बाणा गावाचा. उभं सूत मी लावलं, आडवं गावानं पाठवलंय. इणायला नको?"

त्यानंतर ते मोपेडला पोतं बांधून सीना नदीच्या पुलाखाली जायला लागले. मी होटगीला राहायची, तिथून आले की कधी कधी सोबत असायची. गुडघाभर पाण्यात उभे राहून झुडपांना अडकलेल्या पिशव्या सोडवायचे आणि बडबडायचे. "सीना जाती भीमेला, भीमा जाती कृष्णेला. कृष्णेच्या काठाला माझ्या आज्याचं गाव. आज्जा पोट घिऊन हिकडं आला, आन् हितली पिशवी आता त्याच्या गावाला चाललीया, बिनतिकीट." पुढची पिशवी सोडवत म्हणायचे, "समुद्र मी बघितला न्हाय. पर माझं सामान रोज जातंय तिकडं."

त्यांची प्लास्टिकची पहिली चादर आमच्या नदी वाचवणाऱ्या गटाच्या प्रदर्शनात मी हट्टानं लावली. प्लास्टिक तीन पाण्यातून धुतलं होतं, रंग निवडून लावले होते. मध्ये दुधाच्या पिशव्यांचा निळा, काठाला गुटख्याच्या पुड्यांची चंदेरी. लांबून जरीचा काठ वाटावा. गर्दी झाली. बायका म्हणाल्या, "अय्या, किती गोड! याची पर्स मिळेल का?" लोकांनी तिच्यापुढं उभं राहून फोटो काढले. बाटलीबंद पाण्याचा कारखाना असलेल्या एका गृहस्थांना ती ऑफिसात लावायला हवी होती, शिवाय आमचं पुढचं प्रदर्शन ते स्वतः करून देणार होते, मोठ्या सभागृहात. मी पळत भवानी पेठेत आले.

"लोकं काय म्हणाली?" तातय्यांनी विचारलं.

"सुंदर म्हणाली!"

"कोण?"

"सगळेच."

त्यांनी हातातला धोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे चुकलं की."

मला कळेना. ते चिडले. "मेलेला मासा धुतला, पावडर लावली आन् पंगतीत बसवला. लोकं म्हणाली, नवरदेव झकास हाय. नदी मेली बे, आन् तू पर्स इकलालीस?" चादर आणायला लावली आणि अव्वांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दिली. अव्वांनी ती माठाखाली घातली. मी भांडले. लोकांपर्यंत पोचायचं तर आकर्षक असावं लागतं, असं आमच्या शिबिरात शिकवलेलं सगळं बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या बाटलीवाल्याला बोलाव. पाव्हणा म्हणूनच बोलाव. चादर मी देतो. आन् ह्या खेपेला एकानं जरी सुंदर म्हटलं, तर हा माग बंद."

ते रागात बोलले असतील असं वाटत असेल, तर तुम्हाला तातय्या माहीत नाहीत. माग बंद म्हणजे बंद. दुसरं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

अडचण निराळीच निघाली. न धुतलेलं प्लास्टिक, जसं हाताला येईल तसं विणायचं, असं ठरवून ते बसले खरे, पण हात ऐकेना. चार पट्ट्या वेड्यावाकड्या गेल्या की पाचवी आपोआप सरळ जायची. लाल आली की तिच्याशेजारी पिवळी लागायची. तीन वेळा विणलेलं त्यांनी उसवलं. "साठ वरसं ह्या हाताला सांगितलं, चूक करू नको. आता म्हणतोय कर, तर आयकत न्हाय." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. अव्वा नाकाला पदर लावून दारात उभ्या, "कंपु, कंपु" म्हणत. कंपु म्हणजे दुर्गंध. दुर्गंध होताच.

शेवटी त्यांनी टॉवेल काढला, डोळ्यांवर घट्ट बांधला आणि मला म्हणाले, "पोत्यात हात घाल. जे येईल ते दे. निवडलंस तर बघ." मी द्यायची, ते चाचपडत ताण्यात सरकवायचे, फणी ओढून ठोकायचे. सलाईनची नळी. चपलेचा अंगठा. देवाच्या हारातली प्लास्टिकची फुलं. बाळाचा वापरलेला डायपर, तो मी डोळे मिटून दिला. आणि मग एक फ्लेक्सचा तुकडा आला, हिरवा. त्यावर अर्धीच ओळ होती, "नदी वाचवा, उद्या", आणि खाली आमच्या गटाचं चिन्ह.

आमच्याच मोर्चाचा फलक. मोर्चा झाल्यावर तो कुठं गेला, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. त्या मोर्चात आम्ही पाण्याच्या बाटल्याही वाटल्या होत्या. ऊन होतं ना. वाढदिवसाचे फ्लेक्स लावणाऱ्या पुढाऱ्यांवर मी दोन पानांचं पत्रक लिहिलेलं आहे, शोधलं तर अजून मिळेल. तो तुकडा मी हळूच मागं सरकवला.

"का थांबलीस?"

"काही नाही. दुसरं देते."

"आत्ता हातात होतं ते दे."

दिला. त्यांनी दोन बोटांत धरून चोळला. "फिलेक्स. कुणाचा?"

"आमचा," मी म्हणाले.

मला वाटलं टोमणा येईल. तातय्या एवढंच म्हणाले, "मग ह्यो मधोमध घालू. दुसऱ्याचं दाखवायचं तर आधी आपलं."

प्रदर्शनाच्या दिवशी तातय्यांनी ती चादर मागच्या नाल्यात बुडवून आणली, मी ती दाराशी लावली आणि दहा मिनिटांत संयोजक धावत आले. वास येतोय, पाहुणे येतील, काढा. मी नाही म्हणाले. त्यांनी तोडगा काढला. मी आजवर ऐकलेल्या तोडग्यांत त्याला तोड नाही. म्हणाले, "मॅडम, वरून प्लास्टिकचा कागद लावू या. वास दबेल." तातय्या खुर्चीवर बसून ऐकत होते. "लावा की," म्हणाले. "दोन दिवसांनी त्योबी नदीतच भेटंल, तवा इणतो." मग स्वतः उठून चादर काढली, घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसले.

पाहुण्याचा सत्कार चादर पांघरवून करायचा, ही आमच्या गावाची पद्धत. मंत्री येवो की जावई, चादर अंगावर पडतेच. आणि ती विणकराच्या हातची असली की पाहुणा जरा जास्त वाकतो. निवेदकानं घोषणा केली, ज्येष्ठ विणकरांच्या हस्ते सत्कार. बाटलीवाले गृहस्थ हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. तातय्यांनी घडी मोडली आणि ती चादर त्यांच्या खांद्यांवर पांघरली. नीट, दोन्ही टोकं पुढं घेऊन, जशी रीत आहे तशी.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. पांढऱ्या शुभ्र सदऱ्यावर काळं पाणी हळूहळू उतरलं. पाहुण्यांनी श्वास रोखलेला दिसत होता, मग रोखता येईना, आणि त्यांनी खांदे झटकले. चादर धप्प करून खाली पडली. ओल्या चादरीचा तसा आवाज येतो.

"काय आहे हे?" ते ओरडले. "काय घाण आहे ही!"

तातय्या वाकले, चादर उचलली, त्यांच्या तोंडावर केवढं समाधान. "दोन मिनटं बी न्हाय झाली, साहेब. नदीच्या अंगावर रोज हाय." मग माझ्याकडं वळून, अगदी खुशीत, "आयकलंस का पोरी? घाण म्हणाले. जमलं!"

त्यानंतर ते सभागृह आम्हाला पुन्हा मिळालं नाही. गटानं माझ्याकडून माफीचं पत्र मागितलं. मी दिलं नाही. मग मी गटात राहिले नाही, किंवा गट माझ्यात राहिला नाही, कसंही म्हणा. माग मात्र चालू राहिला. तातय्यांनी लगेच तिसरी चादर लावली, अजून लांब. मध्येच मला खड्ड्यात उतरवून धोटा फेकायला लावायचे आणि माझं विणलेलं बघून पोट धरून हसायचे. "माझा हात ह्या कामाला नालायक, लई चांगला हाय. तुझा बघ! चार बोटांत सात चुका. ही चादर तूच पुरी करशील."

थट्टा होती. निदान मला तसं वाटलं होतं.

गेल्या थंडीत ते गेले. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत संपलं. मोठा मुलगा भिवंडीहून आला, सगळं शिस्तीत केलं, वाईट माणूस नाही. खड्डा बुजवून तिथं फरशी बसवू या म्हणाला. चादर मागावर तशीच ताणलेली, अर्धी. मी होटगीला परत जायला निघाले, तर अव्वांनी मनगट धरलं. तेरा दिवस त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"दिगु," म्हणाल्या.

मुलानं सांगितलं, उतर म्हणतेय. खड्ड्यात उतर.

मी पाय सोडून बसले. पावडी दाबली. ताणा उघडला. अव्वांनी नाकाला पदर लावला, दुसरा हात पोत्यात घातला आणि काय आलं ते न बघता माझ्या हातात दिलं.

फरशी बसली नाही. मी दर रविवारी होटगीहून येते. चादर आता हातभर वाढलीय, वाकडी, कडा सुटलेल्या, वास तर गल्लीच्या तोंडापर्यंत. परवा ओट्यावरचे शिंपीआजोबा डोकावून म्हणाले, "काय भयाण केलंस गं हे!" अव्वा पदराआडून हसल्या. सत्काराला कुणाला बोलवायचं, ते अजून ठरलेलं नाही. पाहुण्यांची या गावाला कमी नाही. चादर पुरी होऊ दे.