अकेयोची कढई

गरिबी हटवायला आमच्या वस्तीत जी माणसं येतात, ती नेहमी इस्त्रीच्या कपड्यांत येतात. का, ते देव जाणे. कर्जवाला इव्हान्ससाहेबही तसाच आला, मोटरसायकलवरून, गळ्यात टाय. आमच्या सरोवराकाठच्या किसुमू शहराच्या उन्हात टाय! अजून मिसरूड नीट फुटलं नव्हतं, पण आम्हा लेकुरवाळ्यांना गोल बसवून विचारतो कसा, "मातांनो, तुमचं स्वप्न काय?"

अकेयो म्हणाली, "कढई."

साहेबाला वाटलं, ही टिंगल करतेय. पण तिचा तो स्वभावच नव्हता. तिचा नवरा कामासाठी मोम्बासाला गेला, तिथं त्याला दुसरंच काम लागलं. त्या कामाचं नाव रोझलिन. मागे राहिली ही आणि तीन पोरं. मग ही पहाटे मासळीच्या फॅक्टरीच्या फाटकावर जायची. आत माशाचं मांस सोलून विमानानं परदेशी पाठवतात, आणि डोकं नि काटा राहतो तो फाटकावर आम्हाला विकतात. आम्ही त्याला 'उघडी पाठ' म्हणतो. तो काटा खरपूस तळून अकेयो संध्याकाळी रस्त्याकडेला विकायची. पण कढई होती भाड्याची, आणि कढईवाली निम्मी कमाई घेऊन जायची.

तर साहेबानं आम्हा पाचजणींचा गट करून कर्ज दिलं. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्या चौघींनी तिच्याकडून वसूल करायचा, नाहीतर स्वतः भरायचा. म्हणजे मैत्री गहाण टाकायची आणि वर तिला प्रगती म्हणायचं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण खोटं कशाला बोलू, कढई आली नि अकेयोचे दिवस पालटले. पोरांच्या पायात चपला आल्या, थोरली शाळेत जायला लागली. साहेबानं तिचा कढईसकट फोटो काढून ऑफिसात लावला. फोटो काढताना तिला तीनदा हसायला लावलं. तिचे दात आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मग फॅक्टरी दुरुस्तीसाठी बंद पडली. काटा नाही, तर तळणार काय? अकेयोचे हप्ते थकले. साहेबानं आम्हा चौघींना उपाय सांगितला. "तिच्या घरात जाऊन बसा. पैसे मिळेपर्यंत उठू नका. नाहीच दिले, तर कढई उचलून आणा. मी बाहेर थांबतो."

ही युक्ती ज्यानं कुठल्या थंडगार खोलीत बसून काढली असेल, त्याच्या घरी जन्मात कधी पाहुणे आले नसावेत.

आमची पुढारीण डोरकासमावशी. जीभ म्हणजे लवंगी मिरची. कढई भरायला तिनं काखेत पोतंसुद्धा घेतलं होतं. आम्ही आत जाऊन भिंतीला टेकून बसलो. अकेयोनं आमच्याकडं पाहिलं आणि चार बायका घरात येऊन बसल्यावर आमच्याकडची कुठलीही बाई जे करते तेच केलं. चूल पेटवली.

"अगं ए, आम्ही वसुलीला आलोय!" मावशी ओरडली.

"हो की. पण उपाशी कशाला जाता?"

"नको, काही नको आम्हाला."

अकेयो वळली. "का गं मावशी? माझ्या हातचं खायची भीती वाटते?"

संपलं! आमच्यात घरात बसून ताट नाकारलं, तर त्या बाईला चेटकीण ठरवल्यासारखंच. पत्र्यापलीकडं शेजारीण कान लावून होतीच. मावशीनं पोतं मांडीखाली सारलं आणि हात धुवायला पाणी मागितलं.

कुठून तरी उधारीवर आणलेले थोडेसे मासे होते, ते तिनं त्याच कढईत तळले. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली घाटली. पोरं दारात घुटमळायला लागली, तशी तिनं "बाहेर खेळा रे" म्हणून त्यांना पिटाळलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण कुणाच्या तोंडचा घास खातोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी खाल्लं. ताट टाकून उठता येत नव्हतं आणि, आता देवाशप्पथ सांगते, मासे झाले होते फक्कड.

जेवणं झाली. कढई चुलीवर, पोतं मांडीखाली, आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघतोय. खाल्ल्या घरची कढई उचलायची कुणी? शेवटी मावशी उठली. राखेनं खसाखसा कढई घासली, खिळ्याला टांगली आणि अकेयोवर खेकसली, "परवा फॅक्टरी उघडतेय म्हणे. पहाटे पुढं जाऊन उभी राहा, झोपून राहू नकोस. आणि ऐक, पुढच्या वेळी मी घरून जेवून येणार आहे!"

अकेयो खांद्यावरच्या कापडाच्या टोकानं डोळे पुसत होती.

बाहेर साहेब मोटरसायकलला टेकून उभा. "कढई कुठंय?"

"गरम आहे अजून," मावशी म्हणाली.

"मग हप्ता?"

मावशीनं कमरेची गाठ सोडली. तिच्या स्वतःच्या घरभाड्याच्या शिलिंगांची पुरचुंडी होती ती, मला ठाऊक होतं. त्यातल्या नोटा तिनं साहेबाच्या हातावर आपटल्या. मी आपली आभाळाकडं बघत उभी.

"वर काय बघतेस गं?" मावशी म्हणाली. "जेवलीस ना? मग काढ तुझाही वाटा."