हक्कसोडीचं कुरियर

माझ्या भावाची अक्कल किती, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा लोभ किती, ते मात्र बाबा गेल्यावर कळलं. पनवेलचं घर बिल्डरला द्यायचं आणि आईला खारघरला, बेलपाड्याजवळच्या आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं, हे त्याने वर्षश्राद्धाच्या आधीच ठरवून टाकलं. फ्लॅटमध्ये आईची जागा कुठे, तर हॉलमध्ये, टीव्हीसमोरच्या दिवाणावर. जी बाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरात राहिली, तिने आता नातवंडांचं कार्टून संपलं की झोपायचं. आईने आपला हिस्सा दादाच्या नावे सोडूनही दिला होता. का, असं विचारलं तर म्हणाली, "मुलाला नाही कसं म्हणायचं?" आता घोडं अडलं होतं फक्त माझ्या सहीवर, आणि मी मेलबर्नला.

दादाच्या एजंटने मला फोनवर कायदा शिकवला. "ताई, तुमी तिकडं कॉन्सुलेटमदी मुखत्यारपत्रावर सही करायची न कुरियर टाकायचा. बाकीचा आमी बगतो. तुमाला काय टेन्शनच नाय." माझ्या वतीने माझा हक्क सोडणार कोण, तर वहिनीचा भाऊ. स्वतःच्या स्कूटरचा विमा ज्याला कधी वेळेवर भरता आला नाही, त्याला माझा मुखत्यार व्हायचं होतं.

मसुदा ईमेलने पाठवला असता तरी काम झालं असतं. पण बहिणीने वाटा सोडायचा तर तिला साडी द्यायची, ही आमच्याकडची रीत. बापाच्या घरातला हिस्सा काढून घ्यायचा आणि हातावर साडी ठेवायची, की मग सगळ्यांना शांत झोप लागते. म्हणून कागद साडीच्या घडीत घातले, त्यावर वहिनीने उरणजवळच्या करंजा बंदरावरून आणलेल्या सुक्या कोळंबीची पिशवी ठेवली आणि कुरियरच्या फॉर्मवर लिहिलं, 'कागदपत्रे'. ऑस्ट्रेलियाच्या कस्टमने पार्सल अडकवलं. दादाचे फोनवर फोन. "एवढा पुढारलेला देश तुझा, आणि त्यांना साधी कोळंबी ओळखता येत नाही?" ओळखता आली म्हणूनच अडवली होती, पण ते त्याला समजावण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. शेवटी मासळी काढून टाकून त्यांनी पार्सल सोडलं. माझ्या वारसाहक्काला पुढे कितीतरी दिवस कोळंबीचा वास येत होता.

मी कॉन्सुलेटमध्ये गेले, पण त्या मुखत्यारपत्रावर सही केली नाही. दुसराच कागद करून आणला होता, तो साक्षांकित करून घेतला. आई हयात आहे तोवर त्या घरातला माझा हिस्सा मी कोणाच्याही नावे सोडणार नाही, एवढंच त्यात होतं. कुरियर केलं आणि दादाला बजावलं, "पाकीट आलं की उघडून वाच."

"त्यात वाचायचं काय? मसुदा आपलाच आहे ना," तो म्हणाला.

आमच्या घरात महत्त्वाचा कागद वाचत नाहीत, त्याची पूजा करतात. वहिनीने पाकिटाला हळदकुंकू लावलं आणि ते देवासमोर ठेवलं. मुहूर्ताआधी उघडायचं नाही, असं बजावलं. सगळं एकाच दिवसात उरकू म्हणणाऱ्या एजंटनेही मान डोलावली. मग चांगला दिवस पाहून ही वरात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात निघाली. दादा, वहिनी, तिचा भाऊ, एजंट, बिल्डरचा माणूस आणि पेढ्यांचा बॉक्स. पाकीट उघडलं ते थेट तिथल्या टेबलावर, आणि कारकुनाने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

हे मला एजंटकडूनच कळलं. "ताई, असा कोन करतं काय? बिल्डरचा मानूस उठून गेला ना," तो रडकुंडीला येऊन सांगत होता. पेढ्यांचं काय झालं, एवढंच मी विचारलं. खरं सांगते, इतकी मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"चारचौघांत भावाची शोभा केलीस," ती म्हणाली. "तुला माहेर नकोसं झालंय का?"

"आई, ते तुला हॉलमध्ये झोपवणार होते."

"झोपले असते मी," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तेव्हापासून आई माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. घर अजून तिथेच आहे आणि ती घरातच आहे. रविवारी मी फोन करते. ती उचलते, माझा आवाज ऐकते आणि फोन बंद न करता ओट्यावर ठेवून देते. मग कुकरची शिट्टी होते, नळ वाहतो, ती कुठलासा डबा शोधत स्वतःशीच पुटपुटते. तिचा स्वयंपाक होईपर्यंत मी फोन कानाला लावून बसते.