झाकण लावण्याआधी

गुरुप्रसादच्या दुकानात साखर घ्यायला जा. पिशवी भरून देईल आणि डब्याचं झाकण लावण्याआधी डब्यात वाकून बघेल. साखरेच्या डब्यात कोण बसणार? पण हा माणूस बघतो. पिठाचं पिंप, चण्यांचा डबा, बिस्किटांचा रिकामा खोका, सगळ्यात बघतो आणि मगच झाकतो. कसालच्या बाजारात यावरून त्याची मस्करी व्हायची. "काय रे गुरू, साखर पळान जाता काय?" तो हसायचा नाही. ज्यांना अजूनही मस्करी करावीशी वाटते त्यांनी त्या मे महिन्यातली गोष्ट ऐकावी.

मालवणचा रस्ता हमरस्त्याला मिळतो त्या तिठ्यापाशीच त्याचं दुकान. किराणा, थंडा, आणि पावसाच्या तोंडावर सुकी मासळी. बायको प्राजक्ता एसटीत कंडक्टर, कसालमार्गे मालवण-कुडाळ. म्हणजे घरातलं एक माणूस चाकावर, एक गल्ल्यावर, आणि दोघांच्या मध्ये चार वर्षांची अनुजा. मे महिन्यात अंगणवाडीला सुट्टी. सुट्टी ठरवणाऱ्यांना वाटतं आईबापांनाही मेमध्ये सुट्टी असते. इथे तर मुंबईकर उतरतात, गाड्या भरून वाहतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मग पोर ठेवायचं कुठे? दुकानातच. त्यावरही बाजाराच्या जिभा वळवळायच्या. "बायल नोकरेक, आणि हो चेडवाचे केस विंचरता!"

"तुमचे कोणी विंचरले रे, मेल्यांनो? टक्कल पडला तरी अक्कल येवची नाय!" शेजारची बेकरीवाली कार्मेलिना परस्पर हिशोब चुकता करायची. साठी उलटलेली बाई, पण तोंड भट्टीसारखं.

गुरुप्रसादला या बोलण्याची फिकीर नव्हती. त्याला भीती होती ती हमरस्त्याची. चौपदरी झाल्यापासून गाड्या अशा सुटतात, जणू मध्ये गाव नाहीच. कुत्री गेली, वासरं गेली. दरवेळी दोन दिवस आरडाओरडा, मग सगळं गार. अनुजा चालायला लागली तेव्हा त्याने दुकानाच्या पायरीवर निळ्या रंगाची जाड रेघ मारली आणि तिला समोर बसवून सांगितलं, "ह्या रेघेच्या भायर दर्या आसा. खोल. ते टरक नाय, मोरी मासे ते. पाय टाकलंस की गिळतले." पोरीने ते मनावर घेतलं. चेंडू रेघेपलीकडे गेला की रेघेवर उभी राहून रडायची, पण पाऊल टाकायची नाही. मुलांच्या मनात भीती घालू नये म्हणतात. म्हणणाऱ्याने एक दिवस या तिठ्यावर दुकान चालवून बघावं.

दुकानाच्या मागच्या अंगाला एक मेलेला फ्रीजर होता. पूर्वी आईस्क्रीमचा. मशीन बसलं, दुरुस्तीवाल्याने हात टेकले. पण किनाऱ्याकडे मेलेला फ्रीजर कोणी फेकत नाही. उंदीर शिरत नाही, ओल लागत नाही, वास बाहेर येत नाही. सुक्या बांगड्यांना याच्यापेक्षा चांगली पेटी कुठली? अर्ध्या बाजारात अशा पेट्या आहेत. कोणी त्यात पीठ ठेवतं, कोणी कांदे. झाकणाचं रबर सैल झालं, मांजर फटीत पंजा घालायला लागलं, म्हणून गुरुप्रसादने स्वतःच्या हाताने बाहेरून कडी ठोकली. घट्ट बसेल अशी. तेव्हा त्याला आपल्या कामाचा अभिमान वाटला होता.

आणि एक खेळ होता. प्राजक्ताची गाडी कसालला थोडा वेळ थांबायची. ड्रायव्हर क्रिस्टोफर वळणावरूनच दोनदा बारीक हॉर्न द्यायचा. तो ऐकला की अनुजा लपायची. प्राजक्ता उतरून धावत यायची, खांद्याला बॅग तशीच, आणि दारातून ओरडायची, "बिनतिकिटाचो पाशिंजर खंय लपलो?" तांदळाच्या गोणींमागे नाहीतर टेबलाखाली पाशिंजर सापडायचा. मग आई खिशातलं पेन काढून तिच्या तळहातावर तिकीट काढायची आणि पळत सुटायची. दिवसाउजेडी आईची भेट ती एवढीच.

त्या दिवशी दुकान खच्चून भरलेलं. पिंगुळीची एक बाई पावसाळ्याची बेगमी करायला आली होती. गुरुप्रसादने फ्रीजरमधून बांगड्यांची जुडी काढली, झाकण उघडंच ठेवून तराजूकडे आला.

"खारट नाय मां?" बाई.

"सुको बांगडो गोड खंय गावता, वयनी?"

दुकानात हशा पिकला. त्याच हशात वळणावर हॉर्न वाजला, दोनदा. गुरुप्रसाद सुतळी आणायला मागे गेला. तोंड गिऱ्हाइकाकडे, कान बाईच्या घासाघिशीकडे. जाता जाता कोपराने झाकण पाडलं आणि अंगठ्याने कडी सरकवली. दिवसातून कितीदा तरी करायचं काम. हाताने केलं, डोक्याला कळवलंही नाही.

"बिनतिकिटाचो पाशिंजर खंय लपलो?"

प्राजक्ता आली. गोणींमागे बघितलं. टेबलाखाली बघितलं. "आज पाशिंजर हुशार झालो!" पडदा उचलला, मागचं दार बघितलं, ते आतून बंद. "अनू, हरलंय गो मी. भायर ये." हरल्यावर पोर खिदळत बाहेर यायची. आली नाही.

"गुरू, खंय आसा ती?"

"हयच आसतली. आता होती."

"आता म्हंजे कदी?"

तो तराजू सोडून गोणी सरकवायला लागला. बाहेर क्रिस्टोफरने हॉर्न दिला. प्राजक्ताने एकदा रस्त्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्या क्षणी सगळ्या दुकानाने रस्त्याकडे बघितलं.

मग एकच धावाधाव झाली. कोणी बसखाली वाकलं, कोणी गटारात उतरलं, रिक्षावाले हमरस्त्यात आडवे उभे राहून गाड्या थांबवायला लागले. क्रिस्टोफर इंजीन बंद करून उतरला. "अनू! अनू गो!" अनुजाच्या अंगात लाल झगा होता; लांबून दिसणाऱ्या प्रत्येक लाल कपड्याला गुरुप्रसादचं काळीज तडकत होतं. कोणीतरी म्हणालं, मगाशी एक पांढरी गाडी थांबली होती. लगेच दुसऱ्यालाही ती आठवली, तिसऱ्याने तिच्या काचा काळ्या होत्या म्हणून सांगितलं. गर्दीला आधी गोष्ट हवी असते, पोर नंतर.

"आवस गाडयेर आणि बापूस गल्ल्यार, मगे दुसरा काय होतला?" एकजण पुटपुटला.

"शिरा पडो तुझ्या जिभेर!" कार्मेलिना त्याच्या अंगावर गेली. "पाय आसत तर शोद, नाय तर घराक जा!"

प्राजक्ता हमरस्त्याच्या कडेने धावत होती. गुरुप्रसाद उलट दिशेला निघाला आणि पायरी उतरताना त्याच्या पायाला काहीतरी लागलं. चेंडू. सकाळीच रेघेपलीकडे गेलेला. "बाबा, दर्यात पडलो," म्हणून ती दोनदा सांगून गेली होती आणि त्याने "थांब गो वायच" म्हणून दोनदा परतवली होती. चेंडू तिथेच होता. रेघेपासून हातभर.

हातभर अंतरावरचा चेंडू जी पोर उचलत नाही, ती हमरस्त्यावर जाईल?

ती बाहेर गेलेली नाही. ती बाहेर जाऊच शकत नाही. तो बंदोबस्त त्याने स्वतः केला होता.

तो वळला. दुकानात आता कोणी नव्हतं. गोणी, टेबल, पडदा, आणि मागे ती पांढरी पेटी, कडी लावलेली. कडी बघितल्यावर त्याच्या अंगठ्याला आठवलं. डोक्याला नाही, अंगठ्याला. चार पावलांची जागा. उघडली आणि आत ती असली तर? नसली तर?

कडी अंगठ्याने सरकेना. हात घामाने ओले. त्याने ती लाथेने उडवली.

गोणपाट अंगावर ओढून ती मुटकुळं करून पडली होती. केस भिजलेले, ओठ निळसर, गालाला बांगड्याची खवलं चिकटलेली. त्याने हाक मारली ती कसली हाक होती कोणास ठाऊक. हमरस्त्यावरच्या प्राजक्ताला ती ऐकू गेली.

कार्मेलिनाने पोर त्याच्या हातातून ओढून उंबऱ्यावर वाऱ्याला धरली, पाठीवर चापट्या मारल्या. काही नाही. पुन्हा मारल्या. मग एक घरघर, एक खोकला, आणि छाती हलली. डोळे मात्र मिटलेलेच.

"रिक्षा बघू नकात," क्रिस्टोफर ओरडला. "गाडयेत घाला तिका. ओरोस वाटेरच आसा!"

मालवण-कुडाळ गाडी त्या दिवशी जिल्हा रुग्णालयापर्यंत कुठेच थांबली नाही. कोणी घंटी मारली नाही, ज्यांना मध्ये उतरायचं होतं त्यांनीही नाही. प्राजक्ता कंडक्टरच्या सीटवर, मांडीवर पोर. गुरुप्रसाद दांडा धरून उभा, आणि ती छाती वर होते की नाही यापलीकडे त्याला जगात काही दिसत नव्हतं.

"कडी मी लायलंय," तो म्हणाला.

"माका ठावक आसा," प्राजक्ता पोरीवरची नजर न काढता म्हणाली. "दुसरो कोण लायतलो?"

हॉस्पिटलचं फाटक आलं तेव्हा अनुजाने डोळे किलकिले केले. आईकडे बघून रुसून म्हणाली, "मी गप बसललंय. तू माका शोदूक इलंसच नाय."

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलीत. पोर दोन दिवसांत घरी आली. बापाचा जीव मात्र घरी आला नाही. तो त्या पेटीतच अडकून राहिला. गुरुप्रसादने पेटीचं झाकण बिजागरीसकट उपटलं, आणि पाना-पेचकस घेऊन बाजारात निघाला. कार्मेलिनाच्या पेटीची कडी पहिली निघाली. बाकीच्यांनी कोणी निमूट, कोणी कुरकुरत काढू दिल्या. अडला तो तिठ्यावरचा हॉटेलवाला दत्ताराम.

"माझ्या हाटेलात पोरां नाय. तुझ्याकडे झाला म्हणान माझी कडी कित्याक?"

"बरा," गुरुप्रसाद त्याच्या पेटीचं झाकण उघडून म्हणाला. "तू वायच आत बस."

"काय?"

"बस. मी कडी लायतंय. हयच उभो आसंय, काढतलंय परत. मोठो माणूस तू, भियाचा काय?"

चहा पिणारे हसले. दत्तारामही हसला, आणि हट्टाने त्याने एक पाय आत टाकला. आतल्या काळोखाकडे बघितलं. मग गुरुप्रसादच्या हाताकडे बघितलं. तो झाकणावर होता, अंगठा कडीवर टेकलेला. हसणं थांबलं. दत्तारामने पाय बाहेर काढला.

"स्क्रू गंजलेत," तो म्हणाला. "थांब, तेल हाडतंय."

आता वळणावर हॉर्न वाजला की अनुजा लपत नाही. निळ्या रेघेवर येऊन उभी राहते आणि आई उतरायच्या आधीच ओरडते, "हंय आसंय!" प्राजक्ता तिकीट काढते. गुरुप्रसाद मासळी आता उघड्या टोपलीत ठेवतो. यंदा उंदरांनी अर्धे बांगडे खाल्ले. खाऊ देत.