माझ्यानंतरचं पाणी

माझ्या हातातलं मोजपात्र सरांनी घेतलं नाही. टेबलाकडे बोट दाखवलं. मी ते टेबलावर ठेवलं. मग सर माझ्या मागच्या मुलाला म्हणाले, "ते पाणी ओत. गढूळ झालंय. नवीन घे."

त्याने ओतलं. खिडकीतून बाहेर.

सिल्वासातली मराठी शाळा. नववीचा वर्ग. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शिकायचं होतं दगडाचं आकारमान. वाकड्यातिकड्या दगडाला पट्टी लावता येत नाही, म्हणून तो पाण्यात सोडायचा. आधी पाण्याची पातळी वाचायची, दोऱ्याला बांधलेला दगड अलगद बुडवायचा, पातळी पुन्हा वाचायची. वजाबाकी केली की झालं. शाळेत धड मोजपात्र एकच, आणि नळाचा भरवसा नाही. म्हणून सरांचा नियम होता की पाणी बदलायचं नाही. एकाचं झालं की दगड काढून पात्र तसंच पुढच्याला द्यायचं. पाणी थोडं कमी झालं तरी बिघडत नाही, कारण आपण फरक मोजतो. हे सरांनीच शिकवलेलं.

सगळ्या वर्गाने एकमेकांचं पाणी घेतलं. बदललं फक्त माझ्यानंतर.

आता तक्रार कसली करणार? सर वाईट बोलले नव्हते. मुंबईकडचे, स्वच्छ कपड्यांचे, कुणाला मारत नसत. जात मी वर्गात कुणाला सांगितली नव्हती. आडनाव हजेरीत होतं. तेवढं पुरलं असेल. की पाणी खरंच गढूळ होतं? दगड दमणगंगेतला. रेती चिकटली असेल. घरी पोचेपर्यंत चूक माझीच ठरली होती.

वडील खानदेशातून इथल्या सुताच्या कारखान्यात आलेले. त्यांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "तू तुनं माप बरोबर घे. बाकीनं सोडी दे." त्यांना सगळं कळलं होतं. म्हणूनच ते एवढं थोडं बोलले, असं मला आजही वाटतं.

पुढच्या तासाला मी दगड राखेनं घासून नेला. माझं मोजून झाल्यावर पात्र उजेडाला धरलं. काचेपलीकडचे फळ्यावरचे आकडे दिसत होते. मागच्या मुलाला म्हटलं, बघ, स्वच्छ आहे ना? तो कचेरीतल्या साहेबांचा मुलगा. त्याने पाण्याकडे बघितलंच नाही, सरांकडे बघितलं. सर हसले. म्हणाले, "फार शंका येतात रे तुला. ओत ते."

वर्गही हसला. सरांनी विनोद केला की हसायचं असतं.

त्यानंतर सरांनी क्रम बदलला. प्रयोगाला मी सगळ्यात शेवटी, आणि माझ्या आधी लखमी. लखमी खानवेलकडची, वारली. बसने यायची. बस चुकली की पहिला तास बुडायचा, त्याबद्दल उभी राहायची, पण कधी कारण सांगायची नाही. आम्हां दोघांना शेवटी का ठेवलं, ते कुणी विचारलं नाही. शेवटच्याचं पाणी फेकावंच लागतं. त्यात कुणाला काय दिसणार? किती साधी सोय.

त्या दिवशी लखमीचं झालं. तिने पात्र माझ्यापुढे धरलं. सर वही तपासत होते. मान वर न करता मला म्हणाले, "तुला हवं तर बदल."

इथे मी अडतो. इतकी वर्षं इथेच अडलो. बायकोलाही सांगितलं नाही.

मी बदललं.

कुणी सक्ती केली नव्हती. सरांनी मला विचारलं, याचाच मला आनंद झाला होता. साहेबांच्या मुलाला जे मिळालं ते मला मिळत होतं. माझ्याखाली कुणीतरी आहे हे मला दिलं गेलं, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं. लखमीचं पाणी खिडकीतून ओतलं, पात्र खळखळून धुतलं. एकदा नाही, दोनदा.

लखमी तिथेच उभी होती. दगडाचा दोरा बोटाला गुंडाळत. हळूच म्हणाली, "पानी गढूळ झाला का?"

चिडून नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तीही घरी जाऊन दगड घासणार होती.

तेव्हा मला सगळं उमजलं. सरांच्या वागण्याला मी पुरावा शोधत होतो. पुरावा माझ्या ओल्या हातात होता.

पुढच्या प्रयोगाला सरांनी पहिलं नाव पुकारायच्या आधीच मी उठलो. मोजपात्र उचललं, पातळी वाचली, दगड सोडला, पुन्हा वाचली. पात्र साहेबांच्या मुलापुढे धरलं.

सर म्हणाले, "ओत ते."

मी म्हटलं, "नाही ओतणार. का ओतायचं, ते सांगा."

"उलट बोलतोस?"

"विचारतोय, सर. या पाण्यानं त्याचं माप चुकेल का?"

सर हो म्हणाले असते तर शिकवलेलं खोटं ठरलं असतं. नाही म्हणाले असते तर आधीचं सगळं उघडं पडलं असतं. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तेच बोट. मी पात्र टेबलावर ठेवलं, भरलेलंच, आणि बाहेर गेलो.

लखमी माझ्या बाजूने उठली नाही. का उठावं? पुढेही ती माझ्याशी बोलली नाही. दहावीच्या आधी तिचं येणं थांबलं. गरिबी, बसचं भाडं, लग्न, लोक काहीही म्हणाले. मला त्यातलं एकही कारण पुरेसं वाटत नाही. मी धुतलेलं ते पात्र मी त्यातून वगळत नाही.

आज मी विज्ञान शिकवतो. लखमीला शोधून माफी मागावी असं मनात येतं. मागणार नाही. माफी मागून हलका मी होईन, तिला काय मिळेल?

मी एवढंच करतो. प्रयोगाच्या वेळी मी पाण्याच्या पातळीकडे नाही, पोरांच्या हातांकडे बघतो. कोण कुणाच्या हातून घेतो, कोण टेबलावर ठेवायला लावतो. कुणी पाणी ओतायला निघाला की वर्ग थांबवतो आणि सगळ्यांसमोर कारण विचारतो. पालक मुख्याध्यापकांकडे गेलेत, म्हणतात मास्तर संशयी आहे.

आहे. आणि सगळ्यात आधी स्वतःवर. संशयाचा फायदा माझ्या वर्गात कुणालाही मिळणार नाही.