मेजर पळाले नव्हते

इथं आखातात, अल खौदला मुलाच्या घरी टीव्हीच्या वर एक फोटो लावलेला आहे. मधे एक खासदार हार घालून बसलेत, मागे आमच्या इथल्या मराठी मंडळाची माणसं उभी आहेत आणि अगदी डाव्या कडेला मी टाळ्या वाजवतो आहे. पाहुणे आले की सूनबाई सांगते, "बाबा मंडळाचे सेक्रेटरी होते ना, तेव्हाचा." नात तिच्या मैत्रिणींना इंग्रजीत सांगते की आजोबा मिनिस्टरबरोबर आहेत. खासदार आणि मंत्री यांतला फरक मी तिला कधी समजावला नाही. त्या फोटोत माझ्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला एक कागद आहे. तो कुणाला दिसत नाही. मला तो रोज दिसतो.

गाला भागात बांधकामाचं लोखंडी सामान भाड्यानं देणारी एक कंपनी होती. तिच्या ऑफिसात मी तेवीस वर्षं काम केलं. माणसांची हजेरी, राहण्याच्या खोल्या, रजा आणि पासपोर्टांचं कपाट माझ्याकडे असे. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. यार्डाच्या फाटकावर मेजर होते. साताऱ्याकडचा माणूस, सतरा वर्षं फौजेत काढून आलेला. हुद्दा हवालदाराचा, पण त्यांच्या गावात सैन्यातून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, तसं आम्हीही म्हणायचो. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, तरी मी त्यांना अहोजाहो करायचो. ते मला अण्णा म्हणत.

फाटकातून गाडी बाहेर पडताना मेजर स्वतः चढून पाइप मोजायचे. ड्रायव्हर वैतागायचे. "मेजर, ही बॉर्डर नाय, गाला आहे," असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "म्हणून तर नुसतं मोजतोय." गावी बायको आणि एक मुलगी. मुलगी नववीत गेली तेव्हा तिला पाठवायला त्यांनी मोबाइल घेतला. दुकानात मला बरोबर नेलं होतं. "अण्णा, तुमच्या पोराकडं हाय तसला द्या," म्हणाले. मीच निवडून दिला.

दोन-अडीच तासांवरच्या सोहार बंदराला आमच्या मालकाच्या ओळखीचा एक ठेकेदार होता. त्याला सामानावर नजर ठेवायला खात्रीचा माणूस पाहिजे होता, महिनाभरासाठी. इकडचा नियम असा की ज्याच्या व्हिसावर माणूस आला, त्याच्याकडेच त्यानं काम करायचं. पण अशी उसनवारी सगळेच करत. ठेकेदारानं मला फोन केला, मी मालकाच्या कानावर न घालता मेजरना म्हटलं, "महिनाभर जाऊन या. हजेरी मी इथं लावतो."

"कागद काही लागतोय का, अण्णा?"

"मी आहे ना."

ते दोन जोड कपडे घेऊन गेले.

अठराव्या दिवशी त्या साइटवर लेबर खात्याची तपासणी आली. दोन माणसं पकडली गेली. मेजर त्या वेळी सामान उतरवायला बंदरावर गेले होते म्हणून सापडले नाहीत. पण त्यांचं नाव यादीत निघालं आणि आमच्या मालकाला बोलावणं आलं. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, ऑफिसात आला तो उभाच राहिला. हिंदीत विचारलं, "ये आदमी किसने भेजा?"

माझी तेव्हा निवृत्ती दीड वर्षावर होती. मुलाला इथं नुकती नोकरी लागली होती, लग्न ठरलेलं होतं. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. त्या क्षणी मला काय काय आठवलं तेवढं सांगतो. मी म्हटलं, "मालूम नहीं अर्बाब. खुद गया."

तो गेल्यावर मी हजेरीचं पुस्तक काढलं. अठरा दिवस हजर लावलेले होते. मी पान फाडलं, नवीन पान केलं आणि अठरा दिवस गैरहजर लावले. त्या पानाच्या आधारावर दोन दिवसांनी कंपनीनं सरकारात कळवलं की हा माणूस पळून गेला आहे. त्या अर्जाबरोबर द्यायला कपाटातून पासपोर्ट मीच काढून दिला.

पळून गेल्याची नोंद झाली की माणूस बेकायदा होतो. कुठं काम करता येत नाही आणि विमानातही बसता येत नाही. मेजर सोहारला राहिले ते चाचांच्या भावाकडे. चाचा म्हणजे गालातले दर्जी, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. कंपन्यांचे युनिफॉर्म शिवायचे आणि त्या कामासाठी दर पंधरा दिवसांनी सोहारला जायचे. मेजरांची खबर मला त्यांच्याकडून कळे.

पहिल्यांदा मेजरांनी फोन केला तेव्हा आवाज चढला नव्हता. "अण्णा, काहीतरी चूक झालीय ऑफिसात. माझ्या नावापुढं भगोडा लिव्हलंय म्हणत्यात. फौजेत भगोडा म्हंजी काय, तुमाला न्हाई कळायचं. तेवढं पुसून घ्या."

"बघतो," मी म्हटलं. नंतर त्यांचा नंबर दिसला की मी फोन उचलत नसे.

नोव्हेंबर आला. फौजेच्या पेन्शनला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे हे सही-शिक्क्यानं सांगायचं. मेजरांकडे पासपोर्ट नव्हता, आणि बाहेर पडलो तर धरतील ही भीती. दाखला गेला नाही, पेन्शन थांबली. घरी बायकोनं शिवणाचं मशीन विकलं, असं चाचा म्हणाले.

मग मुलीचं झालं. कुणीतरी त्या मोबाइलवर तिच्याशी ओळख काढली होती. आपण पुण्याची कॉलेजातली मुलगी आहोत असं सांगून तिचे फोटो मागवले, आणि मग ते सगळीकडे लावीन म्हणून धमक्या द्यायला लागला. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. पोरीनं मोबाइल विहिरीत टाकला आणि शाळा सोडली. कुणाशी बोलेना. चाचांनी हे मला दुकानात, मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून सांगितलं. "मेजर दिवसभर उभा असतो ओ. बसतच नाय. सांगतो, मला घरी जाऊ द्या, बाकी कायबी लिवा माझ्या नावापुढं."

त्याच सुमारास मंडळात खासदार येणार असं ठरलं.

ते मेजरांच्याच भागातले होते. आमच्या मंडळात पद्धत अशी की मोठा पाहुणा आला की लोकांनी प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून आधी द्यायचे, सेक्रेटरीनं ते निवडायचे आणि वाचायचे. म्हणजे कुणी वेडंवाकडं विचारून मंडळाची शोभा करत नाही. मी ते काम दहा वर्षं करत होतो. कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या दारात चाचा आले. ते मंडळाचे सभासद नव्हते. त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली.

"मेजरची आहे. तेवढी सायबांस वाचून दाखवा."

कोपऱ्यात जाऊन मी ती वाचली. फौजेतल्यासारखं सरळ, नंबर घालून लिहिलेलं होतं. मी माजी सैनिक आहे. मी पळालेलो नाही. माझी मुलगी अडचणीत आहे, मला घरी जायचं आहे. पेन्शन थांबली आहे. आणि शेवटी: "मला सोहारला कामासाठी पाठवलं होतं, हे ऑफिसातल्या अण्णांना माहीत आहे. त्यांना विचारावे."

त्यांनी माझी तक्रार केली नव्हती. मला साक्षीदार केलं होतं.

मी चिठ्ठीची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मनात म्हटलं, आधी बाकीच्या वाचू.

खासदार चांगले बोलले. हे मला नीट लिहायचं आहे, कारण नंतर स्वतःची सोय म्हणून मी बराच काळ त्यांना मनात दोष देत होतो. एकानं विचारलं होतं की आपल्या देशात बेकायदा राहणाऱ्यांना शोधून परत पाठवण्यावर सरकार एवढा खर्च करतं, तो योग्य आहे का.

"योग्य आहे," ते म्हणाले. "अजून करावा असं मी सभागृहात बोललोय. घर आहे म्हटल्यावर दाराला कडी लागणार आणि कडीला खर्च येणार."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, हळू बोला. इथं आपणच बाहेरचे."

हॉल हसला. तेही हसले. "तुम्ही कागद घेऊन आलात. कागद असलेला माणूस पाहुणा. कागद नाही तो घुसखोर, मग तो आपल्या गावचा का असेना."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मेजरांचा कागद माझ्या कपाटात होता आणि तिथून काढून मीच तो दिला होता, हे त्या टाळ्यांच्या मधेच मला आठवलं. पण हात थांबले नाहीत.

पुढची चिठ्ठी माजी सैनिकांच्या पेन्शनची होती, दुसऱ्याच कुणाची. त्यावर ते उठून उभे राहिले. म्हणाले, त्यांचे वडील फौजेत होते, म्हातारपणी बँकेच्या खिडकीसमोर उभं राहून चक्कर येऊन पडले होते. "ज्यानं बर्फात पहारा दिला त्याला मी जिवंत आहे म्हणून दरवर्षी सांगायला लावता, ही लाजेची गोष्ट आहे. मी हे सोडणार नाही." तिसरी चिठ्ठी एका आईची. मुलं मोबाइलवर कुणाशी बोलतात ते कळत नाही, सरकार काही करणार का. ते म्हणाले, ठरावीक वयाखालच्या मुलांना या गोष्टी बंदच कराव्यात असं त्यांचं मत आहे आणि ज्या कंपन्या मुलांना राखत नाहीत त्यांना दंड व्हावा. बायकांनी सगळ्यात जास्त टाळ्या तेव्हा वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाई पुटपुटल्या, "आधी माझ्या नवऱ्याचा बंद करा म्हणावं."

चिठ्ठ्या वेगवेगळ्यांच्या, पण तिन्ही प्रश्न एकाच माणसाला लागू होते आणि तो माणूस सोहारच्या एका खोलीत उभा होता.

शेवटी खासदारांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कुणाचं काही वैयक्तिक राहिलंय का? मला घाई नाही. एखाद्याची अडचण असेल तर दूतावासात माझी ओळख आहे. बोला."

दारापाशी चाचा उभे होते. त्यांनी मान थोडी पुढे केली.

मी म्हटलं, "नाही साहेब. खलास, सगळं झालं."

मग फोटो काढला.

नंतर चाचांना मी सांगितलं की चिठ्ठी वेगळी, हातात दिली आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "बरा झाला" एवढंच म्हणाले.

मेजर अजून वर्षभर सोहारला अडकून राहिले. पुढे बेकायदा राहिलेल्यांनी देश सोडला तर दंड माफ अशी सवलत आली, तेव्हा त्यांनी नाव दिलं. मी विमानतळावर गेलो. खूप बारीक झाले होते. त्यांच्या हातात एकच पिशवी, यार्डातून गेले तेव्हा होती तीच.

"अण्णा, चिठ्ठी तुम्ही दिली, चाचा बोलले," ते म्हणाले. "साहेबांस येळ न्हाई मिळाला आसंल. मोठ्या मानसाला हजार कामं."

मी त्यांची पिशवी धरायला हात पुढे केला. त्यांनी ती दिली नाही. "जड न्हाई," म्हणाले. आत जाताना एकदा वळून त्यांनी सवयीनं सलाम केला. मी तेव्हाही बोललो नाही. बोलायचं ते सगळं पाठ करून गेलो होतो.

मेजर गेल्या वर्षी वारले. हृदयविकार. मला चाचांकडून कळलं. पेन्शन पुन्हा चालू झाली होती, मुलगी बाहेरून परीक्षा देऊन पुढं शिकली, आता तालुक्याला नोकरी करते. हे ऐकून मला जे बरं वाटलं त्याचीही नंतर लाज वाटली.

या महिन्यात त्या मुलीचा मला मेसेज आला. तिच्या गावात माजी सैनिकांच्या नावांचा फलक लावायचं चाललं आहे. बैठकीत कुणीतरी म्हणालं की तो तर आखातातून भगोडा ठरून आला, त्याचं नाव कशाला. तिनं मला लिहिलं होतं: "काका, बाबा पळाले होते का? ते नेहमी म्हणायचे, खरं काय ते अण्णांना विचारा. मी आजवर विचारलं नाही. आता विचारते."

सूनबाई स्वयंपाकघरात होती, वर भिंतीवर फोटो होता. मी उत्तर लिहिलं. तुझे बाबा पळाले नव्हते. मी पाठवलं होतं आणि पळाले असं मीच लिहिलं. चिठ्ठीचंही लिहिलं. मेसेज तीनदा वाचून पाठवला.

तासाभरानं उत्तर आलं. रागाचा शब्द नव्हता. "हे कागदावर सही करून द्याल का? बैठकीत दाखवायला लागेल. मोबाइलवरचं ते धरणार नाहीत."

मी दोन पानं लिहिली. खाली सही केली, कंपनीतला माझा हुद्दा लिहिला. दूतावासाच्या खिडकीवर जाऊन सहीवर शिक्का घेतला. तिथल्या मुलीनं विचारलं, "हयातीचा दाखला का, काका?" मी म्हटलं, "तसाच काहीसा." मेजरांची मूळ चिठ्ठी इतकी वर्षं माझ्या विम्याच्या फाइलमध्ये होती. ती पानांना जोडली.

चाचा पुढच्या आठवड्यात पुतणीच्या लग्नाला गावी जाणार होते, साताऱ्यावरून. मी त्यांच्या दुकानात गेलो आणि पाकीट दिलं. मेजरच्या मुलीच्या हातात द्या म्हटलं.

त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं. "एकदा मी तुमच्याकडं दिली होती, अण्णा. आता तुम्ही माझ्याकडं देताव. बंद का नाय केलं?"

"तुम्ही वाचा म्हणून."

त्यांनी चष्मा लावला. मशीनवरचं कापड बाजूला सारून दोन्ही पानं वाचली, मग ती जुनी चिठ्ठी उघडली, तिच्यावर हात फिरवला आणि सगळं पुन्हा पाकिटात घातलं. पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून त्यांनी वरून बटण लावलं.

"पोचंल," म्हणाले, आणि कापड पुन्हा मशीनखाली ओढून घेतलं.

मी थोडा वेळ बाकावर बसून राहिलो. तीस वर्षांत त्या दुकानात मी कधीही गेलो तरी बसायच्या आधी चहा सांगितला जाई. त्या दिवशी चाचांनी चहा विचारला नाही.