नळीतला हुंकार

पाथरीच्या जीप अड्ड्यावर रामप्रसाद तीसेक वर्षं ओरडला. "मानवत, परभणी! चला, दोनच सीट!" गाडी सगळी रिकामी असली तरी दोनच सीट.

बायको कस्तुराबाई वारली, मुलगी पंकजा पालमला सासरी गेली. घरी बोलायला कुणी उरलं नाही. अड्ड्यावर ओरडणं हेच त्याचं बोलणं. त्यात एका लगीनसराईत घसा बसला तो बसलाच. फुसफुशीपलीकडे काही निघेना. पंकजाचा फोन आला की तो "पोरी" म्हणायचा, पण तिकडं काहीच पोचायचं नाही. "बाबा? रेंज न्हाई वाटतं," म्हणून ती फोन ठेवायची.

योगीराज नावाच्या जीपवाल्याच्या मोबाइलमध्ये दिवाळीच्या गर्दीचा व्हिडिओ होता. त्यातली रामप्रसादची हाळी त्यानं भोंग्यावर लावली. "मामा, तुमी निवांत बसा. आवाज तुमचाच हाय." रामप्रसाद लिंबाखाली बसून स्वतःला ऐकत राहायचा.

शेवटी योगीराजनंच त्याला परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर ओरडून ओरडून गाठी आल्यात. ऑपरेशन नको, व्यायाम करा. व्यायाम शिकवणाऱ्या अर्पिता मॅडमनी टेबलावर नळ्या मांडल्या. कॉफी ढवळायच्या नळीत त्यानं "हूं" केलं, तर मानेच्या शिरा तटतटल्या.

"ही तुम्हाला फार बारीक. हवा इतकी अडते की तुम्ही मानेतून जोर लावता." मग सरबताची जाड नळी. तिच्यातून हवा नुसती निघून गेली. "हिच्यात अडतच नाही." मधल्या नळीवर त्याच्या ओठांना गुदगुल्या झाल्या, घशात काहीतरी हलकं थरथरलं.

"हां, हीच. हवा बेतानं अडली की तिचा दाब मागं घशापर्यंत पोचतो. मग स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत. रोज करा, आणि नंतर नळी ठेवून घरच्यांशी हळू बोला. घरी कोण असतं?"

कुणी नाही, अशी रामप्रसादनं मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "मग एकटेच बोला. पण बोला."

रोज सकाळी तो खाटेवर बसून नळीत हुंकार भरू लागला. एकदा नळी पायाखाली चेपली, म्हणून रसवंतीतून कागदाची आणली; ती थुंकीनं भिजून मिटली. दुसऱ्या दिवशी तो नळीसाठी पुन्हा परभणीला गेला. बोलायचं काय, हे मात्र सुचत नव्हतं. गावांची नावं म्हणायचा, देवांची म्हणायचा.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी नळी खाली ठेवताना तोंडातून आपसूक निघालं, "कस्तुरा, चहा ठेव."

आवाज स्वच्छ होता. मग उठून त्यानं चहा ठेवला.

त्याच दिवशी अड्ड्यावरून त्यानं पंकजाला फोन लावला. "पोरी, मी बोलायलोय."

"कोण?"

"बाबा."

"बाबा तर मागं ओरडायलेत, मला ऐकू यायलंय. तुमी कोण? त्यांना द्या बरं फोन."

तो भोंग्यापासून दूर, पार मेडिकलच्या पुढं गेला. "तो भोंगा हाय, पंकी. मी हितं हाय."

पंकी तिला तो एकटाच म्हणायचा. मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "लय बारीक झालाय आवाज, बाबा. जेवलात का?"

"जेवतो आता."

योगीराजला त्यानं पुन्हा हाळी देतो म्हणून सांगितलं. योगीराज मायेनंच म्हणाला, "नका मामा, परत बसंल. भोंगा हाय की." मॅडमनीही ओरडायला मनाईच केली होती. आता तो माणसं गाडीत बसवतो, सामान वर चढवतो, दार लावून घेतो. माणसं भोंगा ऐकून येतात, बसतात आणि निघून जातात. त्याच्याशी बोलायची गरज कुणाला पडत नाही.

पंकजाचा फोन रविवारी येतो. लेकरांचं, शेताचं ती भरभर सांगते, मग कुणीतरी हाक मारतं आणि ती ठेवते. उरलेले दिवस रामप्रसाद खोलीत हळू आवाजात बोलतो, कधी भिंतीशी, कधी खिडकीत येणाऱ्या साळुंकीशी. घसा आता दुखत नाही.