एकदाच चावणारी डासताई

मुलांच्या वॉर्डात तिला सगळे डासताई म्हणायचे. हे नाव तिनेच स्वतःला पाडून घेतलं होतं. सुई बघून रडायच्या बेतात आलेल्या पोराच्या खाटेवर ती टेकायची आणि म्हणायची, "हे बघ, मी डास आहे. एकदाच चावणार आणि उडून जाणार." आणि खरोखर एकदाच चावायची. सव्वीस वर्षं रोज सकाळी सातपासून हॉस्पिटलात लोकांचं रक्त घ्यायचं हेच तिचं काम. नाव मुलांकडून मोठ्यांच्या वॉर्डात गेलं, तिथून लॅबमध्ये आलं, आणि एके दिवशी तिच्या कपाटाच्या दारावर कुणीतरी पेनाने डास काढून ठेवला. तिने तो पुसला नाही. डासाचा एक पाय काढायचा राहिला होता, तेवढा पेनाने पुरा केला.

तिचं म्हणणं असं, की शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना दिसते. दंडाला पट्टा बांधला की ती डोळे जवळजवळ मिटायची, कोपराच्या खोबणीत दोन बोटं टेकवायची आणि हलकेच दाबायची. आत कुठेतरी काहीतरी बारीक उसळी मारायचं. ते सापडलं की काम झालंच. मग पेशंट तिला नातवंडांचं सांगत असायचा आणि नळी कधी भरली ते त्याला कळायचंही नाही.

हॉस्पिटलात ती सायकलवर यायची. काळी, उंच, साखळीवर पत्र्याचं झाकण असलेली सायकल. घरापासून सहा किलोमीटर, मध्ये नदीवरचा पूल. हिवाळ्यात ती दोन पायमोजे, कानटोपी, गळ्याला मफलरचे तीन वेढे आणि नवऱ्याने शिवलेली जाड अस्तराची पँट असा सगळा सरंजाम चढवून निघायची. नवरा शिंपी. घरातच पुढच्या खोलीत त्याचं मशीन. पँटला त्याने गुडघ्यापाशी जादा कापड दिलं होतं, पेडल मारताना ओढू नये म्हणून. फाटकावरचा वॉचमन तिला लांबून बघून म्हणायचा, "आलं गाठोडं!" आणि गाठोडं लॅबमध्ये शिरून एकेक पदर सोडायला लागलं की आतून लालबुंद, घामेजलेली डासताई निघायची.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला ती पुलाच्या उतारावर पडली. रात्री पाणी सांडून गोठलं होतं, चाक सरकलं. लागलं फार नाही, कोपर सुजलं. घरी सांगितलं, दारावर आपटले. पण दूधवाल्याने पाहिलं होतं, आणि दूधवाल्याने पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं. रविवारी मुलगी आणि जावई दारात हजर. त्यांनी नवी गाडी घेतली होती आणि जुनी, निळी, आईसाठी आणली होती.

"आई, ही किल्ली."

"मला कशाला? माझी आहे की सायकल."

"तुझी सायकल वयाने तुझ्याहून मोठी दिसते."

"म्हणून तर तिला मान देते."

"पुलावर पडलीस ना?"

"पडले नाही गं. जरा घाईने उतरले."

मशीनवर बसलेल्या नवऱ्याला हसू आलं, पण तोंडात टाचण्या होत्या. त्या त्याने एकेक करून काढल्या.

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला!"

"मी काय सांगणार? तुम्हा दोघींच्या मापाचं बोलणं मला अजून बेतता आलेलं नाही."

जावई बिचारा गाडीची काच पुसत राहिला. शेवटी मुलीने किल्ली आईच्या हातात ठेवली. "रोज सकाळी सात वाजेपर्यंत मी घड्याळ बघत असते गं, तू पुलावर असशील म्हणून." यावर मात्र आईने किल्ली ठेवून घेतली. हा हिवाळाभर गाडीने जाईन, असा शब्द तिने दिला. गाडी चालवायला ती फार पूर्वी शिकली होती.

आणि खरं सांगायचं तर गाडी तिला आवडली. वारा नाही, डोळ्यांतून पाणी नाही, रेडिओवर गाणी. सकाळी पुढच्या काचेवरचा बर्फाचा थर खरवडायला दहा मिनिटं जायची, पण मग रस्ता बारा मिनिटांचा. हीटर सुरुवातीला गारच हवा फेकायचा आणि बरोब्बर हॉस्पिटलचं फाटक आलं की ऊब द्यायला लागायचा. गाडी लावायची जागा मागे, बॉयलरच्या खोलीपलीकडे. तिथून लॅबपर्यंत वाऱ्यात पाच मिनिटं चालायचं. लॅबमध्ये आता एकच कोट काढायचा. वॉचमन हिरमुसला. "ताई, तुम्ही माणसासारख्या यायला लागलात. मजा गेली."

पहिल्या आठवड्यात दोन शिरा हुकल्या. तिने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पाच. गुरुवारी घड्याळजी आले. हे म्हातारे दर गुरुवारी रक्त तपासायला येत. सगळं आयुष्य त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती, आणि त्यांच्या शिरा केसासारख्या बारीक. डासताईखेरीज कुणाला ते हात लावू देत नसत. तिची बोटं कोपराला लागली आणि ते खुर्चीतच उडाले.

"अहो ताई! फ्रीजमध्ये झोपला होतात का?"

"थंडी आहे काका. हात गार असणारच."

"थंडी गेल्या वर्षी सुट्टीवर होती वाटतं."

त्या दिवशी त्यांना दोनदा टोचावं लागलं. एरवी चिमटे काढणाऱ्या माणसाने नुसती दुसऱ्या हाताची बाही वर केली, हेच तिला जास्त लागलं.

ती गरम पाण्याखाली हात धरायची. कातडी तेवढी तापायची, दोन मिनिटांनी पुन्हा जैसे थे. बोटं टेकवली तरी खाली काही उसळायचं नाही, लाकडावर लाकूड टेकवल्यासारखं वाटायचं. आणि मग तिला आईचे हात आठवायचे. आई साधारण याच वयाची असताना तिच्या हातांतून भांडी सुटायला लागली होती. पुढे तिला सुईत दोराही ओवता येईना. डासताईने हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. रोज रात्री पांघरुणाखाली बोटं मोजल्यासारखी एकेक दाबून बघायची.

मग मुलांच्या वॉर्डातली ती मुलगी. पुढचे दोन दात पडलेली, सात वर्षांची, फार शहाणी. डासताईने नेहमीचं वचन दिलं, एकदाच चावणार. सुई आत गेली, नळी कोरडी. पुन्हा टोचावं लागलं. मुलगी रडली नाही. तिने नुसतं मान वळवून डासताईकडे बघितलं, खोटं बोलणाऱ्या मोठ्या माणसाकडे मुलं बघतात तसं.

लॅबच्या मुख्य बाई तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण भल्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि चहा मागवला, तेव्हाच डासताईला कळलं.

"ताई, रागावू नका. मुलांच्या वॉर्डातून तक्रार आली आहे. महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर तुम्ही खिडकीवर बसा. चिठ्ठ्या घ्यायच्या, नळ्यांना नावं चिकटवायची. बसून काम आहे."

"बसून काम आहे," डासताई म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उठली.

पुढच्या गुरुवारी नवऱ्याला कपड्यांची मोठी गठडी पोचवायला जायचं होतं. त्याने भीत भीत विचारलं, "आजच्या दिवस गाडी मी नेऊ का? रस्त्यावर बर्फ नाही. मुलीला सांगायला नको." तिला कसलाच उत्साह उरला नव्हता. तिने सायकल काढली, गाठोडं झाली आणि निघाली. पुलावर समोरून वारा होता, ती उभी राहून पेडल मारत चढली. वॉचमनने टोपी काढून सलाम ठोकला.

साडेसातला घड्याळजी आले. तिने पट्टा बांधला, मनात धाकधूक, बोटं टेकवली. उसळी! केसासारखी बारीक, पण अगदी साफ. एका टोचण्यात नळी भरली. तिने कापसाचा बोळा दाबला आणि उगाचच दाबून धरून राहिली.

"आज सायकलवर आलात," घड्याळजी म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"महिनाभर बूट कोरडे आणि हात गार. आज बुटाला चिखल आणि हात गरम. मी पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलो ताई, एवढं दिसतं. काही घड्याळं मनगटावर हलली तरच चालतात. टेबलावर ठेवली की बंद. लोक म्हणायचे बिघडलं. बिघडलंय कसलं, घालून हिंडा की!"

"म्हणजे मी घड्याळ?"

"तुम्ही डास. पण तत्त्व तेच."

ती हसली. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा नळीवरचं नाव वाचायच्या निमित्ताने तिने पाठ वळवली. आईच्या हातांची भीती तिच्या मनातून तिथल्या तिथे गेली.

पण सव्वीस वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई. नुसत्या तर्कावर ती कुणाचा रिपोर्ट देत नसे, स्वतःचा कसा देईल? तिने लॅबच्या कपाटातून पाण्याचं तापमान मोजायचा थर्मामीटर काढला. पुढचे तीन दिवस गाडी, तीन दिवस सायकल. आल्या आल्या थर्मामीटर मुठीत धरायचा आणि आकडा एका चिठ्ठीमागे लिहायचा. गाडी आधी सुरू करून तापवून ठेव, असं मुलगी म्हणणार हे ओळखून तिने तेही दोन दिवस करून पाहिलं. शेजारी धुराने खोकले तेवढंच. मागच्या आवारातून चालत येईपर्यंत हात पुन्हा गार.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मुलगी आली. आईने तिच्यापुढे लॅबचा छापील कागद ठेवला.

मुलगी वाचायला लागली. "'नमुना, डावी मूठ. गाडी, वीस अंश. गाडी तापवून, तेवीस. सायकल, एकतीस...' हे काय आहे?"

"माझा रिपोर्ट. माझे हात सायकलवर तापतात. गाडीत नुसती बसून असते, म्हणून निवतात. आणि निवले की मी मुलांना दोनदा टोचते."

मग खिडकीवर बसवायची गोष्टही तिने सांगितली. मुलीने आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "पण पूल, आई?"

"बर्फ असेल त्या दिवशी तुझे बाबा मला गाडीने पूल ओलांडून सोडतील. पुढचे दोन किलोमीटर मी झपाझप चालत जाईन. तेही मोजलंय. सत्तावीस अंश. चालतंय."

"बाबा सोडतील? बाबा सकाळी उठतात तरी का?"

उत्तर बाहेरून आलं. दारातल्या गाडीत, हीटर लावून, रेडिओ लावून नवरा एका सदऱ्याला बटणं लावत बसला होता. महिनाभरात गाडीवर त्याचा इतका जीव जडला होता, की गाडीच्या सीटना त्याने खोळी शिवल्या होत्या. त्याने काच खाली केली. "मी पाचला उठेन. फक्त ही परत नेऊ नका."

जावई म्हणाला, "म्हणजे गाडी सासऱ्यांना बसली. माप चुकलं नाही."

त्या संध्याकाळी नवऱ्याने जुन्या कोटाच्या बाह्या कापून सायकलच्या हँडलला दोन अस्तराच्या टोप्या शिवल्या, आत हात घालून ब्रेक दाबता येईल अशा. मुलीने त्यांवर लाल चमकणारी पट्टी लावून घेतली. तेवढं तिचं ऐकावंच लागलं.

मंगळवारी मुख्य बाई स्वतः मुलांच्या वॉर्डात आल्या, दारापाशी उभ्या राहिल्या. खाटेवर तीच, दात पडलेली मुलगी. तिने बाही आधीच खाली ओढून धरली होती.

"किती वेळा?"

"एकदाच चावणार."

"मागच्या वेळी पण तू हेच म्हणालीस."

"मागच्या वेळी मी गाडीने आले होते."

मुलीने विचार केला. "डास कधी गाडीने येतात का?"

"तेच तर चुकलं."

डासताईने बोटं टेकवली. मुलगी "गरम आहेत" म्हणाली आणि हात सैल सोडला. आत उसळी लागली. सुई गेली, नळी भरत आली. मुलगी तोंडाने मोजत होती, "एक..." आणि पुढच्या आकड्याची वाट बघत राहिली. तोवर कापूस दाबून झाला होता. दारापाशी आता कुणी नव्हतं. मुख्य बाई खिडकीवर दुसऱ्या कुणाला बसवता येईल ते बघायला गेल्या होत्या.